दोन आकडे आणि बाकी सगळे नियम

सुडोकूच्या नादी लागलेल्यांची एक ठाम समजूत असते. छापलेले आकडे जितके कमी, तितके कोडे अवघड. रोजच्या कोड्यात पंचवीस-तीस आकडे आयते मिळतात. डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकाला जुंपून सिद्ध केले, की निदान १७ आकडे दिल्याखेरीज साध्या सुडोकूला एकमेव उत्तर असूच शकत नाही.

आणि मे २०२० मध्ये, अर्धे जग घरात कोंडलेले असताना, एक कोडे गाजले. त्यात आकडे होते दोन! पाचव्या ओळीच्या तिसऱ्या घरात १, सहाव्या ओळीच्या सातव्या घरात २. उरलेली ७९ घरे कोरी करकरीत.

कोड्याचे कर्ते मिचेल ली. ते सोडवायला बसले इंग्लंडचे सायमन अँथनी. हे गृहस्थ पूर्वी गुंतवणूक बँकेत होते, म्हणजे आमच्याच जातकुळीतले (पगाराचे सोडा). मार्क गुडलिफ यांच्यासह ते यूट्यूबवर 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' नावाची वाहिनी चालवतात. प्रथम त्यांना ही आपली थट्टाच वाटली. तरी ते बसून राहिले, आणि सुमारे पंचवीस मिनिटांत चौकट भरली. त्यांच्या चेहऱ्यावरचा लहान मुलासारखा आनंद पुढे लाखो लोकांनी पाहिला.

हे जमले कसे? सुडोकूचा नेहमीचा कायदा आहेच. त्यावर तीन जादा अटी. बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांवर तोच आकडा नको. राजाच्या एका पावलावर, म्हणजे तिरप्या शेजारातही, तोच नको. आणि आडव्या-उभ्या शेजारी घरांत लागोपाठचे आकडे नकोत. ४ च्या बाजूला ३ किंवा ५ बसायचा नाही.

वाचकहो, पेन्सिल घ्या. अगदी मधल्या, नऊ घरांच्या पेटीत १ कुठे बसेल? तिची मधली ओळ गेली, कारण त्या ओळीत १ आहेच. वरच्या आणि खालच्या ओळीतले पहिले घर राजाने अडवले, दुसरे घोड्याने. उरली उजव्या टोकाची दोन घरे. त्यातल्या खालच्याला खेटून २ बसला आहे, तिथे १ चालत नाही. राहिले वरचे. लिहून टाका!

माझी उभी हयात परिपत्रके वाचण्यात गेली. नियम म्हणजे अडवणूक, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना मान्य असते. इथे प्रत्येक 'नको' काहीतरी देऊन जातो. विशेषतः तिसरी अट. साध्या सुडोकूत आकडे हे नुसते नावाचेच आकडे. त्यांच्या जागी नऊ फळांची चित्रे काढलीत तरी काही बिघडत नाही. आंब्यापेक्षा केळे एकाने मोठे, असे तिथे नसते. म्हणून ३ ते ९ मधला एकही न छापता साधे कोडे सुटणे अशक्य. पण शेजारी लागोपाठचे नकोत म्हटले, की ३ हा २ च्या पाठचा भाऊ ठरतो. आकड्यांना त्यांची किंमत परत मिळते.

उत्तराची पहिली ओळ सांगतो; कट्टर सुडोकूवाले रागावतील, रागावोत. ४८३७२६१५९. डावीकडून प्रत्येक आकड्यात चार मिळवा, बेरीज नऊच्या वर गेली तर नऊ वजा करा, म्हणजे पुढचा आकडा येतो. शाळेत शिकवलेला नऊचा ताळा ज्यांना आठवतो, त्यांना गंमत कळेल. शेवटच्या ९ नंतर पुन्हा ४, म्हणजे ही नऊ मण्यांची माळच झाली. दुसऱ्या ओळीत हीच माळ ७ पासून सुरू होते, तिसऱ्या ओळीत १ पासून. नऊच्या नऊ ओळींत तीच एक माळ, फक्त मेरुमणी सरकलेला. मिचेल ली यांनी दिलेल्या दोन आकड्यांत याची कुठे चाहूलही नव्हती.

चौथी ओळ कुठून सुरू होते ते सांगत नाही. पेन्सिल तुमच्या हातात आहे, आणि आज रविवार आहे.