ऑटोफोकस

ऑटोफोकस म्हणजे छायाचित्रातील विषयाचे अंतर ओळखून, तो सुस्पष्ट दिसेल अशा जागी कॅमेऱ्याचे भिंग आपोआप सरकविण्याची योजना होय. मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ मध्ये जपानमध्ये आला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० नंतर ही योजना एसएलआर कॅमेऱ्यांत रूढ झाली. भिंग कोठे थांबवावे हे यंत्रास कळते; छायाचित्र कशाचे काढावयाचे आहे हे कळत नाही. सर्व बिंदू त्याच्या स्वाधीन केल्यास ते बहुधा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरते.

कार्यपद्धती

फेज पद्धतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना होते. त्यामुळे भिंग कोणत्या दिशेस व किती सरकवावे हे एकदम समजते. कॉन्ट्रास्ट पद्धतीत भिंग मागेपुढे सरकवून उजेड-अंधारातील फरक सर्वाधिक होईल ती जागा शोधली जाते. ही पद्धत अचूक, पण संथ असते. दोन्हींना काहीतरी कडा लागते. लातूर जिल्ह्यातील खरोसा लेण्यांच्या अंधाऱ्या अंतर्भागात सपाट भिंतीवर बिंदू ठेवल्यास भिंग नुसतेच फिरत राहते. अशा वेळी तेवढ्याच अंतरावरील खांबाची किंवा शिल्पाची उजळ कडा धरावी.

स्थिर विषय

स्थिर विषयासाठी एकदाच फोकस करून थांबणारी पद्धत (कॅननमध्ये 'वन शॉट', निकॉनमध्ये 'एएफ-एस') व एकच बिंदू वापरतात. नांदेड जिल्ह्यातील होट्टल (ता. देगलूर) येथील चालुक्यकालीन अवशेषांसारख्या ठिकाणी शिलालेख टिपताना याचे महत्त्व विशेष. दगड झिजत जातो आणि पुढे वाचनासाठी कधीकधी छायाचित्रच उरते. फोकस चुकल्याने पुसट झालेले अक्षर नंतर संगणकावर खात्रीने परत मिळत नाही. कॅमेरा शिळेला समांतर धरावा, बिंदू अक्षराच्या कडेवर ठेवावा आणि छिद्र एफ ८ च्या आसपास असावे. तिरप्या उजेडात अक्षरे उठून दिसतात, फोकसही सहज लागतो.

मध्यबिंदूने फोकस करून मग चौकट हलविण्याची सवय अनेकांना असते. दूरच्या दृश्यात ती चालते, जवळून व्यक्तिचित्र काढताना नडते. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी भिंग, एफ १.८ छिद्र आणि १ मीटर अंतर असता सुस्पष्टतेची खोली जेमतेम ४ सेंमी असते. त्यात कॅमेरा १५ अंश वळविला की फोकसचे प्रतल डोळ्यांच्या सुमारे ३.४ सेंमी मागे जाते. डोळे पुसट आणि कान स्पष्ट, असा प्रकार होतो. त्यापेक्षा आधी चौकट ठरवून डोळ्यावरचाच बिंदू निवडावा. अलीकडच्या कॅमेऱ्यांतील नेत्र-ओळख हेच काम करते.

हलता विषय

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथील हल्ला महल्ला मिरवणुकीत किंवा माळेगावच्या (ता. लोहा) खंडोबा यात्रेत घोडा धावत येत असता एकदाच केलेला फोकस बटण दाबेपर्यंत शिळा होतो. तेथे सतत फोकस करणारी पद्धत ('एआय सर्व्हो', 'एएफ-सी') हवी. गर्दीत नेत्र-ओळख बघ्याचाच चेहरा धरू शकते, म्हणून लहान बिंदूसमूह स्वारावर ठेवून कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवितात. मध्येच एखादे निशाण आडवे आले तरी फोकस लगेच त्यावर उडी घेऊ नये, यासाठी अनेक कॅमेऱ्यांत मागोव्याची संवेदनशीलता कमी करण्याची सोय असते. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. तो कमी असल्यास फोकस बरोबर असूनही घोड्याचे पाय पुसट येतात आणि दोष उगाच ऑटोफोकसवर जातो.