तीन थेंब तेल

रेसिंग कार्ट ट्रॅकवर एक मीटर पुढे सरकते, तेवढ्यात तिच्या इंजिनाच्या आठ फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. जागतिक स्पर्धांत धावणाऱ्या ‘ओके’ वर्गाच्या १२५ सीसी कार्टला गिअर नाहीत आणि क्लचही नाही. इंजिनाच्या शाफ्टवर छोटं स्प्रॉकेट, मागच्या अ‍ॅक्सलवर मोठं, मधे चेन, बस्स. ११ आणि ८० दातांची जोडी घेतली आणि मागचं चाक ११ इंच व्यासाचं धरलं, तर इंजिनाच्या एका फेरीत गाडी १२ सेंटिमीटर पुढे जाते. त्याच फेरीत पिस्टन साधारण ५४ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली, असा जवळजवळ ११ सेंटिमीटरचा प्रवास करतो. २० किलोमीटरच्या शर्यतीत तो सिलिंडरच्या भिंतीला घासत १८ किलोमीटर धावतो. सगळा प्रवास वीतभरसुद्धा नसलेल्या नळकांड्यात.

या वर्गात इंजिनाला मिनिटाला १६,००० फेऱ्यांची मर्यादा आहे. सेकंदाला २६७ फेऱ्या. पिस्टन दर सेकंदाला ५३३ वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. त्याचा सरासरी वेग ताशी १०४ किलोमीटर भरतो, मधल्या टप्प्यात तो १६८ च्या पुढे जातो. वरच्या टोकाला थांबून परत फिरताना त्याच्यावर येणारा त्वरणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९,७०० पट असतो. पिस्टन-पिनच्या दर १०० ग्रॅम वजनामागे कनेक्टिंग रॉडला जवळपास टनभर ओढ बसते, सेकंदाला २६७ वेळा.

आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी चालवलेल्या बजाज चेतकशी याची तुलना करून बघण्यासारखी आहे, कारण दोघांचे पिस्टन आकाराने जवळजवळ सारखे. टू-स्ट्रोक चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७. ती स्कूटर आपली पूर्ण ताकद ५,५०० फेऱ्यांच्या आसपास देत असे. फेऱ्या तिप्पट झाल्या की जोर तिप्पट होत नाही, तो वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे कार्टच्या पिस्टनवरचा जोर चेतकच्या आठपट निघतो.

आणि या दोन्ही इंजिनांना तेल मिळतं ते एकाच पद्धतीने. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो, कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तिथूनच वर जातं. फोर-स्ट्रोकसारखा ऑइल पंप नाही, तेलाची टाकी नाही. टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच कालवायचं. पेट्रोलबरोबर ते आत येतं, बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, आणि शेवटी जळून किंवा धूर होऊन बाहेर पडतं. तेलाची वाट आणि इंधनाची वाट एकच. इंधन थांबलं की तेलही थांबलं.

आता हे तेल किती, ते पाहू. १२५ घन सेंटिमीटर हवेचं वजन साधारण ०.१५ ग्रॅम. बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं तर पूर्ण थ्रॉटलवर एका फेरीला साडेबारा मिलिग्रॅम पेट्रोल लागतं. त्यात ४ टक्के तेल असेल, तर एका फेरीच्या वाट्याला येतं ०.६७ मायक्रोलिटर तेल, म्हणजे मिलिलिटरचा पंधराशेवा हिस्सा. एका मिलिलिटरचे २० थेंब धरले, तर एक थेंब ७५ फेऱ्यांना पुरवायचा. रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग, लहान टोकाचं बेअरिंग, क्रँकची दोन्ही बाजूंची बेअरिंग, पिस्टन आणि रिंग, सगळ्यांची वाटणी त्यातूनच.

सरळ रस्त्याच्या शेवटी चालक अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. साध्या मोटारीत असं करून क्लच दाबला की इंजिन मंदावतं. इथे चेन चाकांना आणि इंजिनाला बांधून ठेवते, त्यामुळे आता चाकंच इंजिनाला फिरवतात. ताशी ११० किलोमीटरला इंजिनाच्या फेऱ्या १५,००० च्या वर असतात आणि पाय उचलल्यावर त्या गाडीच्या वेगाइतक्याच हळू उतरतात. कार्ब्युरेटरची झडप मात्र क्षणात बंद झालेली असते. चालकाने ३० मीटर पाय उचलून धरला, म्हणजे जेमतेम एक सेकंद, तर इंजिनाच्या सुमारे २५० फेऱ्या होतात, पिस्टन २६-२७ मीटर घासला जातो, आणि पूर्ण थ्रॉटलवर त्या फेऱ्यांना जे तेल मिळालं असतं, ते येत नाही. न आलेलं तेल किती? थोडं सोडलं तर तीन थेंब.

त्या सेकंदात आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. थ्रॉटल उघडा असताना पिस्टन वर येतो तेव्हा दाबलेला आणि पेटलेला वायू त्याला खाली रेटतो. वर फेकल्या जाणाऱ्या पिस्टनला तो उशीसारखा अडवतो आणि रॉडवरची ओढ कमी करतो. थ्रॉटल बंद झाला की सिलिंडरमध्ये दाबायला फारसं काही उरत नाही, उशी नाहीशी होते, आणि टनाची ती ओढ पूर्णच्या पूर्ण रॉडवर, पिनवर आणि सुईएवढ्या रोलरच्या बेअरिंगवर येते. तेल सर्वांत कमी आणि ताण सर्वांत जास्त, असे हे दोन क्षण एकत्र येतात.

उष्णतेचं गणितही तितकंच अरुंद आहे. अशा इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात साधारण ०.१ मिलिमीटर फट ठेवतात. अ‍ॅल्युमिनियमचा ५४ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी जास्त तापला की व्यासाने बरोबर तेवढाच, ०.१ मिलिमीटर फुगतो. सिलिंडरभोवती पाणी खेळत असतं, त्यामुळे तो त्याच्याबरोबर फुगत नाही. पिस्टनला थंड ठेवण्याचं बरंचसं काम पेट्रोल करतं: पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला ३.३ ग्रॅम पेट्रोल आत येतं, आणि त्या सगळ्याची वाफ झाली तर ते एक किलोवॉटहून जास्त उष्णता शोषून घेतं. पाय उचलताच हा गारवा तुटतो. त्यातून झडप बंद होतानाच्या क्षणी मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर उरलेला जाळ आणखी तापट होतो. गॅरेजमध्ये म्हणतात तसा पिस्टन ‘धरतो’. इंजिन सीझ, मागची चाकं लॉक, आणि शंभराच्या वेगातली गाडी आडवी.

मग दर वळणावर इंजिन का धरत नाही? कारण ते त्या सेकंदाला येणाऱ्या तेलावर चालत नाही, आधी साचलेल्या तेलावर चालतं. पेट्रोल चटकन उडून जातं, तेल मागे राहतं; क्रँककेसच्या भिंतींवर, रॉडच्या फटीत, बेअरिंगच्या पिंजऱ्यात त्याचा पातळ साठा असतो आणि तो हळूहळू पुढे सरकतो. म्हणून टक्केवारीला इतकं महत्त्व. रोटॅक्स मॅक्ससारख्या इंजिनात २ टक्के चालतं. जास्त फेऱ्यांच्या इंजिनात ४ आणि जुन्या १०० सीसीत ५-६ टक्क्यांपर्यंत तेल घालतात. जास्तीचं तेल धूर आणि काजळी वाढवतं, तरीही ते घालतात, कारण सरळ रस्त्यावर साठवलेलं तेलच वळणावर कामाला येतं.

याच कारणासाठी कार्टवाल्यांनी एरंडेल सोडायला फार वेळ घेतला. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं तेच एरंडेल. कॅस्ट्रॉल हे नावही त्याच्या इंग्रजी नावावरूनच आलं. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं, आणि त्याच्या रेणूची रचना अशी की ते धातूला चिकटून बसतं, पेट्रोलबरोबर सहज धुऊन जात नाही. खूप तापलं की पातळ होऊन पळण्याऐवजी ते घट्ट, चिकट थर धरतं. रिंगांच्या खाचांत राळ जमते, मेकॅनिकला पिस्टन पुन्हा पुन्हा घासून काढावा लागतो, पण पाय उचललेल्या सेकंदात ते जागेवर असतं. आता एस्टरची कृत्रिम तेलं हे काम स्वच्छपणे करतात, तरी एरंडेल मिसळलेली रेसिंग तेलं अजून विकली जातात.

१०० सीसीच्या काळातली चालकांची युक्ती तर बघत राहावी अशी होती. इंजिन उजव्या हाताशी, कार्ब्युरेटरचं तोंड कोपराच्या मागे. सरळ रस्त्याच्या शेवटी, पाय पूर्ण दाबलेलाच असताना, चालक स्टिअरिंगवरचा एक हात काढून मागे नेत असे आणि तळव्याने ते तोंड क्षणभर झाकत असे. हवा अडली की पिस्टनची सगळी ओढ जेटवर येते आणि पेट्रोलचा लोट आत जातो. हात काढायचा, मग पाय उचलायचा, मग ब्रेक. १८,००० फेऱ्यांना ०.३ सेकंद हात धरला तर ९० फेऱ्या होतात. तेवढ्यात इंधन दुप्पट झालं आणि त्यात ५ टक्के तेल असलं, तर जास्तीचं तेल मिळतं एका थेंबाहून थोडंसं जास्त. त्या एका थेंबासाठी माणूस ताशी सव्वाशेच्या वेगात एका हाताने गाडी धरत होता. आयर्टन सेना १९७९ आणि १९८० मध्ये जागतिक कार्टिंग स्पर्धेत दुसरा आला, तो अशाच डायरेक्ट ड्राइव्ह गाड्यांच्या जमान्यात.

रस्त्यावरच्या गाड्यांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला. स्वीडनच्या साबने ९६ या टू-स्ट्रोक मोटारीत फ्रीव्हील बसवलं: पाय उचलला की सायकलसारखी चाकं सुटी होतात, इंजिन आपल्या संथ गतीवर येतं आणि घाट उतरताना कोरडं फिरत नाही. कार्टमध्ये असं केलं तर इंजिनाचा ब्रेकच जाईल, आणि वळणातून बाहेर पडताना फेऱ्या पुन्हा संथ गतीपासून चढवाव्या लागतील. २००७ मध्ये १०० सीसीचा वरचा वर्ग बंद होऊन १२५ सीसीचा केएफ वर्ग आला, त्यात क्लच आणि फेऱ्यांची मर्यादा आली. २०१६ मध्ये ओके वर्गाने क्लच काढून टाकला, मर्यादा ठेवली. २०,००० ऐवजी १६,००० फेऱ्या म्हणजे पिस्टनवरचा जोर ३६ टक्क्यांनी कमी. हा निर्णय मला पटतो. इंजिनं जास्त टिकतात आणि शर्यत तितकीच चुरशीची राहते.

कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथे धावणाऱ्या इंजिनांना आपोआप जुळणारा क्लच असतो, पण कमी फेऱ्यांना जुळलेला क्लच वेगात सुटत नाही, त्यामुळे पाय उचलल्यावरचं गणित तिथेही तेच. नवशिक्याला वाटतं, जोरात ब्रेक मारणारं वळण सर्वांत धोक्याचं. ब्रेकने तर फेऱ्या झपाट्याने उतरतात. इंजिनाला खरा धोका असतो वेगाच्या लांब वळणात, जिथे चालक जरा घाबरून पाय उचलतो, ब्रेक लावत नाही आणि फेऱ्या चढ्याच राहतात. अशा जागी पाय थोडासा तरी दाबलेला ठेवावा, किंवा मधेच एक झटका द्यावा.

चेकर्ड झेंडा पडल्यावरही काळजी संपत नाही. उलट पाय सर्वांत जास्त वेळ उचललेला राहतो तो तेव्हाच. चालक गाडी हळू करतात ती कार्ब्युरेटरवर तळवा ठेवून, अधूनमधून झटका देत. पिटमध्ये मेकॅनिक एक्झॉस्ट उतरवतो, टॉर्च मारून पोर्टमधून पिस्टनची बाजू बघतो आणि क्रँक हाताने फिरवत राहतो. एक्झॉस्टकडची बाजू सर्वांत जास्त तापते, त्यामुळे घासल्याच्या उभ्या राखाडी रेघा आधी तिथेच दिसतात. रेघ नखाला लागली, तर पुढच्या हीटआधी सिलिंडर उघडायचा.