गच्चीवरचे दोन दिवस

सुरतेतील मराठी घरांत संक्रांत दुहेरी असते. खाली सुगडांची पूजा, तिळाच्या वड्या, गुळाच्या पोळ्या. वर गच्चीवर उत्तरायण. १४ जानेवारीला उजाडताच मुले जी वर जातात, ती जेवायलासुद्धा खाली उतरत नाहीत. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला पुन्हा तेच. महाराष्ट्रातही येवल्यासारख्या गावी पतंगांची धूम असते आणि तिथली आसारी प्रसिद्धच आहे. परंतु अवघे शहर दोन दिवस छपरावर राहावयास जाते, हा प्रकार सुरतेत पाहावा. डबगरवाडातील पतंग-मांजाचा बाजार आणि सुरती मांजाची कीर्ती यांविषयी येथील वाचकांना आम्ही काय सांगावे!

या दोन दिवसांत मुले पडतात, कापून घेतात, क्वचित त्याहून भयंकरही घडते. यावर ‘वर जायचे नाही’ हा उपाय आम्हांला मान्य नाही. घरच्या गच्चीवर मज्जाव झालेले मूल शेजारच्या, बिनकठड्याच्या धाब्यावर जाते, आणि तेथे त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. मुलाला पतंग उडवायला शिकवितो, तसेच सावधपणाही हाताला धरून शिकवायला हवा. आणि तोही सणाच्या आठवडाभर आधी.

पतंग उडविताना डोळे आभाळात असतात आणि पाय नकळत मागे सरकतात. बहुतेक पडझडीचे मूळ येथेच आहे. म्हणून आधी पतंगाशिवाय मुलाला गच्चीवर न्यावे. कठड्यापासून चार हात आत खडूने रेघ ओढावी. ढील देताना पाय हलवायचे नाहीत, मागे जायचे तर आधी वळून पाहायचे, हे दहा वेळा करवून घ्यावे. लहान भावंडाच्या हाती फिरकी असते. फिरकी धरणे हे कंटाळवाणे, कमीपणाचे काम, असे मुलांना वाटते. त्याला आणखी एक अधिकार द्यावा: दादाचा पाय रेघेवर आला की ओरडायचे, आणि दादाने ते ऐकायचेच. लहानग्याला हा मान फार आवडतो! पाण्याच्या टाकीवर किंवा पत्र्यावर मात्र कोणीच चढायचे नाही. उधना-लिंबायतीकडील अनेक घरांना पत्रेच आहेत. जुना पत्रा मुलाच्या भारानेही दगा देतो. तेथे जवळच्या मोकळ्या मैदानावर जाणे बरे.

दोऱ्याविषयी आमचे मत काहींना रुचणार नाही. मुलांच्या हाती काच लावलेला मांजा देऊच नये. साधा सुती दोरा द्यावा. काटाकाटीची मजा त्यात कमी, हे खरे. नायलॉनचा, ज्याला चिनी मांजा म्हणतात, तो तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंद केला आहे. तरीही चोरून मिळतो. सुती दोरा ताण पडला की तुटतो, नायलॉन तुटत नाही, मांस कापीत जातो. त्याचा भोग रस्त्यावरच्या माणसाला भोगावा लागतो. या दिवसांत दुचाकीवर मुलाला पुढे उभे करून मुळीच नेऊ नये; आडवा आलेला दोरा प्रथम त्याच्याच गळ्याशी येतो. जाणे भागच असेल तर वाहन हळू हाकावे आणि गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळावा.

तारेत अडकलेला पतंग गेला, असे समजावे. काठीने, सळईने किंवा दगड बांधलेल्या दोऱ्याने तो काढू पाहणाऱ्या मुलाला वीज धरू शकते. उच्च दाबाच्या तारेला तर प्रत्यक्ष स्पर्शही लागत नाही. गुल झालेल्या पतंगामागे रस्त्यावर किंवा उधन्याच्या रुळांवर धावण्याचीही हीच गोष्ट. पाच रुपयांचा पतंग आपण आणून देऊ, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे मोह निम्मा होतो.

इतके करूनही कापले, तर जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद किंवा कॉफीची पूड भरू नये. गळ्याची जखम, उंचावरून पडणे किंवा विजेचा धक्का असेल, तर वेळ न घालविता १०८ ला बोलवावे. पडलेल्या मुलाला उचलून बसवू नये. विजेला चिकटलेल्यास हात लावण्यापूर्वी घरचा मुख्य खटका बंद करावा. बाहेरच्या मोठ्या तारेचा प्रसंग असेल, तर वीज कंपनीने प्रवाह तोडेपर्यंत दूरच राहावे.

आमच्या घरांतील एक अडचण मात्र बोलून दाखवलीच पाहिजे. त्या दिवशी घरातील स्त्रिया पूजा, वाण आणि पाहुणे यांत गुंतलेल्या, आणि पुरुष स्वतःच्या पेचात! मुलांकडे पाहण्याचे काम सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नसते. तासातासाची पाळी लावावी, आणि ज्याची पाळी त्याने पतंगाला हात लावू नये. आजोबांना खुर्ची, टोपी आणि तिळगुळाची वाटी देऊन बसविले, तर तेही आनंदाने एखादी पाळी घेतील.

पहाटे आणि तिन्हीसांजेला पक्षी उडतात. तेवढा वेळ पतंग उतरवून ठेवावा. गुजरातेत २०१७ पासून या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ चालते. १६ तारखेच्या सकाळी मुलांना पिशवी देऊन गच्चीवर, झाडांत, अंगणात उरलेला दोरा गोळा करावयास सांगावे. हातांत जुने मोजे घालावेत, आणि दोऱ्याचा गुंता कात्रीने बारीक करून मगच कचऱ्यात टाकावा.