प्रकाशतंतू आणि शलाकेचा आकार : 'माध्यम' या संकल्पनेसंबंधी एक टिपण

तौलनिक साहित्याभ्यासात 'माध्यम' हा शब्द आपण बहुधा नळीच्या अर्थाने वापरतो : आशय एका टोकाने शिरतो व दुसऱ्या टोकाने थोडीफार घट सोसून बाहेर पडतो. लेसर-शलाकेला प्रकाशतंतूत प्राप्त होणारा आकार पाहिला, की या रूपकाचा अपुरेपणा ध्यानात येतो.

प्रकाशतंतू हा काचेचा बारीक धागा होय. त्याच्या गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित अधिक असल्यामुळे प्रकाश आत कोंडला जातो. मात्र गाभ्यात तो हव्या त्या आकाराने राहू शकत नाही. तरंगांच्या ठरावीक आकृत्याच तेथे टिकतात. त्यांना 'मोड' म्हणतात. दूरसंचारातील एकमोडी तंतूचा गाभा जेमतेम ८ ते १० मायक्रोमीटर असतो व त्यात एकच आकृती तग धरते : मध्यभागी तेजस्वी, कडेकडे मंदावणारी. आत कशीही शलाका सोडली तरी बाहेर हीच येते. न जुळणारा प्रकाश आवरणात निसटतो. ५० मायक्रोमीटरच्या गाभ्यात मात्र शेकडो मोड एकत्र नांदतात. त्यांच्या व्यतिकरणामुळे पलीकडे रवाळ ठिपके उमटतात आणि तंतू जरा वाकवताच ठिपक्यांची रचना पालटते. गाभा चौकोनी घडवल्यास जवळजवळ समतल तीव्रतेची चौकोनी शलाकाही मिळते.

याहून उद्बोधक उदाहरण रामन परिणामाचे आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात आढळलेल्या या परिणामाचे विवेचन चं. वें. रामन यांनी १६ मार्च रोजी बंगळूरच्या व्याख्यानात केले. याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत रामन प्रकाशतंतू-लेसरांवर संशोधन झाले आहे. ज्या तंतूचा अपवर्तनांक केंद्राकडून कडेकडे क्रमाने उतरत जातो, त्यात विस्कळीत शलाका पुरेशा तीव्रतेने सोडली असता तिची ऊर्जा अधिक लांब तरंगलांबीच्या प्रकाशाकडे वळते. केंद्रस्थ मोडाला या देवघेवीत सर्वाधिक वाटा मिळतो, म्हणून बाहेर येणारी शलाका सुघटित असते. गाळणीने विस्कळीत भाग टाकून दिला असता. येथे त्याच्यावरच नवी शलाका पोसली जाते. अर्थात किंमत मोजावी लागते : १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे ११२० नॅनोमीटरचा होतो आणि काही ऊर्जा काचेच्या कंपनांत जाते.

भाषा काच नव्हे, हे उघडच आहे. हे साम्य फार ताणण्यात हशील नाही. तरीही गीतेचे ७०० श्लोक ज्ञानेश्वरीत सुमारे ९००० ओव्यांचे रूप घेतात, तेव्हा केवळ घटीचा हिशेब कामी येत नाही. ओवीने कोणत्या आशयाला बळ दिले आणि त्यासाठी मुळातले काय खर्ची घातले, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात.