पन्हाळ्याच्या वाऱ्यात गुच्छ-गुलाबाची लागवड

पन्हाळ्यावर घरापुढे चार गुलाब असावेत, अशी हौस पुष्कळांना असते. परंतु ज्येष्ठात लावलेली कलमे भाद्रपद संपेपर्यंत टिकली, असे भाग्य थोड्यांच्याच वाट्यास येते. दरवर्षी नवी कलमे आणावयाची, ती दरवर्षी मरावयाची आणि दोष पावसास द्यावयाचा, असा क्रम चालू राहतो. शेवटी 'गडावर गुलाब होत नाही' असे ठरवून लोक हा नाद सोडून देतात. हे मत बरोबर नाही. गुलाबास येथे एकटा पाऊस मारीत नाही. वाऱ्याने रोपाचा बुंधा सतत हलतो. त्याच्याभोवती मातीत चाड्यासारखा खळगा पडतो. त्या खळग्यात पाणी उतरते. नवी मुळे तुटतात आणि तुटलेली मुळे कुजतात. वर पाने हिरवी असल्यामुळे हे सर्व लक्षात येत नाही. पुढे उघडीप होऊन दोन दिवस कडक ऊन पडले की रोप एकाएकी मान टाकते.

पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर असून भोवतालच्या सपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच आहे. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातून घाट चढून आलेला पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा वारा गडाच्या कड्यावर आदळतो, कड्यालगत वर उसळतो आणि माथ्याच्या काठाशी त्याचा वेग वाढतो. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहराच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या मुसळधार पावसात निसटले, तो हाच आषाढाचा पाऊस. तेव्हा कड्याच्या काठावरील मोकळी जागा, तेथून देखावा कितीही रम्य दिसो, गुलाबाकरिता निवडू नये. तेथून आत, इमारतीच्या किंवा झाडीच्या आडोशाची, परंतु दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा पसंत करावी.

अशा हवेत कोणता गुलाब लावावा, हा पहिला प्रश्न होय. बाजारात ज्या गुलाबाचे एकेक मोठे फूल लांब दांड्यावर येते, तो 'हायब्रिड टी' वर्गातील. त्याची भरगच्च कळी पावसाचे पाणी धरून ठेवते, जड होऊन लवते आणि न उमलताच सडते. उंच सडपातळ फांद्यांना वाराही फार लागतो. याउलट 'फ्लोरिबंडा' वर्गातील झाड साधारणतः दोन ते तीन फूट उंचीचे, बुंध्यापासून अनेक फांद्यांचे व झुडपासारखे असते. फुले लहान, पुष्कळ जातींत कमी पाकळ्यांची आणि गुच्छाने येतात. गुच्छातील दोन फुले झडली तरी झाड उघडे पडत नाही. डेन्मार्कमधील स्वेंड पौल्सेन यांनी गुच्छाने फुलणाऱ्या पॉलिअँथा गुलाबाचा हायब्रिड टीशी संकर करून १९२४ मध्ये 'एल्से पौल्सेन' व 'कर्स्टेन पौल्सेन' या जाती प्रसारात आणल्या. उत्तर युरोपच्या थंड हवेत तग धरून हंगामभर फुलणारे झाड त्यांना हवे होते. आपल्या गडावर तशी थंडी नाही, पण काटकपणाचा तोच गुण आपल्या उपयोगी पडतो.

आता वाऱ्याविषयी. येथे बहुतेक घरांभोवती जांभ्याच्या दगडाचे भरीव कुंपण असते आणि त्यामुळे रोपांचे रक्षण होते असा समज आहे. प्रत्यक्षात भरीव भिंतीवरून वारा उडी घेतो आणि पलीकडे भोवरे करीत खाली उतरतो. तेथील रोप एकाच दिशेने न वाकता चहूकडून हिसडे खाते. म्हणून वारा पूर्णपणे अडवू नये, तो गाळावा. ज्या आडोशातून निम्मा वारा जातो व निम्मा अडतो, तो सर्वांत उत्तम. अशा आडोशामागे त्याच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग कमी होतो. सहा फूट उंचीची कुंपणझाडे असतील, तर सर्वसाधारण परसबागेस तेवढी पुरतात. अडुळसा व निरगुडी यांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत आणि दोन्ही फाट्यांपासून लागतात. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या अंगास त्यांची दुहेरी ओळ लावावी. जागा मोठी असल्यास तिच्याबाहेर सिल्व्हर ओकची रांग धरावी. मात्र गुलाबाचे वाफे तिच्यापासून दूर ठेवावेत, नाहीतर घातलेले खतपाणी ओकच खाईल. कुंपण वाढेपर्यंतचे दोन-तीन पावसाळे बांबूच्या भक्कम चौकटीवर पन्नास टक्के सावलीची जाळी ताणून बांधावी. जेथे संरक्षित तटबंदी किंवा जुनी वास्तू जवळ आहे, तेथे खणणे व झाडे लावणे टाळावे. मुळे दगडांच्या सांध्यांत शिरतात, आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या या किल्ल्यास गुलाबापायी इजा पोहोचणे शोभणारे नाही.

वारा गाळण्यात आणखी एक लाभ आहे. गुलाबाच्या पानांवर पडणारा काळ्या ठिपक्यांचा रोग बुरशीमुळे होतो आणि पान सलग सात तास किंवा अधिक काळ ओले राहिले म्हणजे बुरशीचे बीजाणू रुजतात. धुक्याच्या दिवसांत पाने तशीही ओली असतात; त्यात आडोसा कोंदट झाला तर रोगास आमंत्रणच. मंद वारा खेळता राहिला, तर तो पाने वाळवितो व फवाऱ्याचे काम पुष्कळ अंशी वाचवितो.

लागवडीचा हंगाम हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. मृगाच्या सरी आल्या की रोप लावावयाचे, ही आपली सर्वसाधारण रीत. गडावर गुलाबापुरती ती सोडावी. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या कलमास पुढच्या पावसाळ्यापूर्वी सात-आठ महिने मिळतात आणि तेवढ्यात मुळे खोल जाऊन बुंधा पक्का होतो. उन्हाळ्यात पाणी द्यावे लागेल हे खरे. पण पाण्याच्या काही घागरी दरवर्षीच्या नव्या कलमांपेक्षा स्वस्त पडतात.

येथील माती जांभ्याची, म्हणजे उथळ, लोहयुक्त आणि बहुधा आम्ल असते. पावसाने तिच्यातील चुना धुऊन जातो आणि घातलेले स्फुरद तिच्यात अडकून बसते. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पहारीने घ्यावा व प्रथम तो पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर खाली अभंग खडक आहे असे समजावे. अशा जागी खड्डा न करता दगडांच्या कडेने एक-दीड फूट उंचीचा गादीवाफा भरून त्यातच लागवड करावी. प्रत्येक रोपास दोन पाट्या पूर्ण कुजलेले शेणखत व दोन मुठी हाडांचे खत मातीत मिसळावे. शेणखत कच्चे असल्यास हुमणीचा उपद्रव होतो. चुना मात्र माती परीक्षण केल्याखेरीज घालू नये. अंदाजाने घातलेला चुना जास्त झाला म्हणजे पाने पिवळी पडतात. दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावे. डोळा भरलेला जोड जमिनीच्या वर दोन बोटे राहील अशा बेताने रोप लावून भोवतालची माती टाचेने घट्ट दाबावी. वाऱ्याच्या बाजूने एक काठी तिरपी रोवून तिला रोप सुतळीने बांधावे; सुतळीचा वेढा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा द्यावा, म्हणजे काठीवर साल घासत नाही. पावसाळ्यात दर जोराच्या वाऱ्यानंतर बुंध्याजवळ पाहून खळगा पडला असल्यास माती पुन्हा दाबावी. एवढे एक काम जरी नियमाने झाले, तरी निम्मी मर थांबेल.

पुढची निगा थोडकीच आहे. मेअखेर सर्व फांद्या एक तृतीयांश कमी कराव्या, म्हणजे वाऱ्यास धरावयास शीड उरत नाही. मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळाशी काढून उरलेल्या निम्म्यावर आणाव्या. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा घ्यावा व जाड कापांस बोर्डो मलम लावावे, कारण शेंडेमर कापातूनच शिरते. नंतर सहा ते आठ आठवड्यांत बहर येतो. पावसाळ्यात नत्रखत देऊ नये. त्याने आलेली लुसलुशीत फूट वारा व बुरशी दोघांचेही भक्ष्य होते. गळलेली ठिपक्यांची पाने वेचून जाळावी. पावसाच्या तोंडाशी व मधल्या उघडिपीत कॉपर ऑक्सिक्लोराइड दर लिटर पाण्यात अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारावे. जोडाखालून येणारी रानटी फूट दिसताच उगमापासून ओढून काढावी. केवळ पर्णिका मोजून ती ओळखण्याचा जो प्रघात आहे, तो भरवशाचा नाही. माती बाजूस सारून फूट कोठून निघाली ते पाहावे.

जातींपैकी जर्मनीतील कोर्डेस यांची १९५८ ची पांढरी 'आइसबर्ग' सर्वत्र मिळते व ती फुलतेही मुबलक, पण काळे ठिपके तिला सोडीत नाहीत. डॉ. बी. पी. पाल यांनी भारतीय हवेत तयार केलेल्या 'दिल्ली प्रिन्सेस' व 'बंजारन' यांचीही दोन-दोन रोपे शेजारी लावून एक पावसाळा पाहावा आणि जी आपल्या अंगणात पाने टिकवील, तिचीच संख्या वाढवावी. कोकण किनाऱ्यावरील वाचकांनी हीच पद्धत अवलंबावी. तेथे वाऱ्याबरोबर समुद्राचे खारे तुषार येतात, म्हणून कोरड्या दिवसांत पाने अधूनमधून गोड्या पाण्याने सकाळी धुवावी. पन्हाळ्यास ती धास्ती नाही. येथे हिवाळ्यात वारा फिरतो आणि पूर्वेकडून कोरडा येतो. त्या वेळी वाफ्यावर पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. ते बुंध्यास मात्र चिकटू देऊ नये, कारण त्याखाली वाळवी लागते.