जुन्या मोटारींच्या इंजिनातील तेलाचा अतिदाब

मोटारीच्या इंजिनात खेळणाऱ्या वंगणतेलाचा दाब उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा सतत अधिक राहणे, यास तेलाचा अतिदाब म्हणतात. दाब कमी होणे हा दोष सर्वपरिचित आहे. अतिदाब मात्र पुष्कळदा दोष म्हणून ओळखलाच जात नाही. दाबमापकाचा काटा उजवीकडे झुकलेला पाहून चालक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्याच वेळी इंजिनाचा एखादा भाग तेलावाचून कोरडा फिरत असणे शक्य असते.

महाराष्ट्रात जतन केल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान ॲम्बॅसडर आणि विलीस बनावटीच्या महिंद्र जीप या विशेष आढळतात. पद्मिनी ही मूळची फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात ती १९६४ पासून तयार होत असे व १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेवेतून निवृत्त झाली. ॲम्बॅसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. अशा गाड्यांचा क्रँकशाफ्ट एकदा खराब झाला की नवा सहजी मिळत नाही. म्हणून अतिदाबाचे निदान इंजिन उघडण्यापूर्वीच नीट होणे महत्त्वाचे ठरते.

दाबाचे स्वरूप

दाब पंप निर्माण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. जुन्या इंजिनांतील दंतचक्रांचा ऑईल पंप प्रत्येक फेऱ्यात ठरावीक तेल पुढे ढकलतो, एवढेच त्याचे काम. दाब निर्माण होतो तो त्या तेलाला वाटेत होणाऱ्या विरोधामुळे. हा विरोध मुख्यतः शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील फटीत असतो. ही फट बहुधा ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी असते. फट दुप्पट झाली तर तितक्याच दाबाखाली तिच्यातून सुमारे आठपट तेल निसटते. झिजलेल्या इंजिनात दाब का पडतो, याचे उत्तर यात आहे. उलटपक्षी तेल घट्ट असले, फट अरुंद असली किंवा वाट बुजलेली असली, तर दाब वाढतो. मापकावरील आकडा तेल किती अडले हे सांगतो, किती पोहोचले हे सांगत नाही.

दाब पौंड प्रति चौरस इंच या एककात मोजतात. बोलण्यात नुसते ‘पौंड’ म्हणतात. नव्या मापकांवर बार हे एकक असते. एक बार म्हणजे सुमारे १४.५ पौंड. तापलेल्या इंजिनात मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड दाब असावा, असा एक ढोबळ आडाखा आहे. परंतु प्रत्येक इंजिनासाठी त्याच्या माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

मापकाची परीक्षा

निदानाचा आरंभ इंजिनापासून नव्हे, मापकापासून करावा. इंजिन बंद असताना काटा शून्यावर येत नसेल, तर दोष मापकात आहे. विजेवर चालणाऱ्या मापकात संवेदक बिघडला किंवा त्याची तार तुटून बॉडीला टेकली, तरी काही रचनांत काटा थेट टोकाला जातो. शंका असल्यास संवेदक काढून त्याच जागी खात्रीचा यांत्रिक मापक जोडतात. या मापकातील वक्र नळीची युक्ती यूजीन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये शोधली. ती आजही विश्वासार्ह आहे. ज्या गाड्यांत केवळ तेलाचा लाल दिवा असतो, त्यांत अतिदाब कळण्यास दुसरा मार्गच नाही, कारण तो दिवा फक्त दाब पडल्यावर लागतो.

तेलाची जाडी आणि तापमान

थंड इंजिन सुरू करताच दाब चढणे हा दोष नव्हे. ४० अंश सेल्सिअसला तेल १०० अंशांच्या मानाने सुमारे दहापट घट्ट असते. बालाघाटच्या पठारावरील उदगीरसारख्या ठिकाणी पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत तीसेक अंशांचा फरक पडतो; त्यामुळे एकाच गाडीचा प्रारंभीचा आकडा ऋतूनुसार बदलतो. यास्तव गाडी वीस मिनिटे चालवून, तेल पुरते तापल्यावरच नोंद घ्यावी. तापल्यावर दाब पूर्वपदावर येत असेल, तर तेलाची श्रेणी पाहावी. झीज लपवण्यासाठी ठरवून दिल्यापेक्षा घट्ट तेल घालण्याची प्रथा गॅरेजांत रूढ आहे. नंतर इंजिनाचे काम होऊन नवे बेअरिंग बसतात, पण तेल तेच घट्ट राहते आणि दाब वाढतो.

दाबनियंत्रक झडप

पंपाला सीमा घालण्याचे काम ही झडप करते. तिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्यात स्प्रिंगने दाबून धरलेली गोळी किंवा दट्ट्या असतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग दबते आणि जादा तेल चेंबरमध्ये परतते. अतिदाबाचे खरे मूळ बहुधा येथेच सापडते.

तिची पारख झडप न उघडताही करता येते. तापलेल्या इंजिनाचा वेग हळूहळू वाढवत काट्याकडे पाहावे. निरोगी इंजिनात दाब वेगाबरोबर चढतो आणि ठरावीक आकड्यावर थांबतो. वेग वाढत जाईल तसा काटाही न थांबता चढत राहिला, तर झडप बंद अवस्थेत अडकली आहे किंवा तिचा परतीचा मार्ग बुजला आहे, असे समजावे. काटा थांबतो, पण फार वर थांबतो, तर स्प्रिंग अधिक ताठ आहे. या दोन खुणांतील भेद ओळखता आला, तर पुष्कळ वृथा खोलाखोल टळते.

ॲम्बॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटर इंजिनात ही झडप ब्लॉकच्या मागील भागी, डाव्या अंगाला, घुमटाकार नटाखाली असते. विलीस जीपमध्ये ती पंपातच असून स्प्रिंगमागे पातळ चकत्या घालून दाब वाढवण्याची सोय मूळ रचनेतच आहे. या सोयीचा गैरवापरही तितकाच झाला. आधीच्या मालकाच्या काळात झिजलेल्या इंजिनाचा आकडा सुधारण्यासाठी घातलेल्या चकत्या, ताणून लांब केलेली स्प्रिंग, क्वचित नटाखाली सरकवलेला वॉशर, हे सारे पुढच्या मालकाला वारशात मिळते. दट्ट्या काढल्यावर तो केरोसिनने धुऊन त्याच्या घरात बोटाच्या जोराने मोकळा सरकतो का, हे पाहावे. त्यावर ओरखडे असल्यास नवा घालणे बरे. स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तिकेशी ताडून पाहावी. अंदाजाने ती कापू नये.

मार्गातील अडथळा

झडप निर्दोष असूनही दाब उतरत नसेल, तर तेलाची वाट तपासावी लागते. येथे मापक कोठे जोडला आहे, याला महत्त्व येते. तो फिल्टरच्या अलीकडे असेल, तर फिल्टर तुंबल्यावर आकडा वाढू शकतो आणि बेअरिंगला तेल कमी पडते. तो फिल्टरच्या पलीकडे असेल, तर तोच दोष कमी दाब दाखवतो. जुन्या जीपमध्ये तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जात असल्याने तो तुंबल्याचा दाबावर फारसा परिणाम होत नाही.

इंजिनाच्या दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेल्या अतिदाबाकडे अधिक गांभीर्याने पाहावे. कॅमशाफ्टचे बेअरिंग किंचित फिरून बसले, तर त्याचे छिद्र ब्लॉकमधील छिद्राशी जुळत नाही. गॅस्केट चुकीचे असले, तर तेलाची वाट झाकली जाते. अशा वेळी टॅपेट कव्हर काढून इंजिन मंद चालू ठेवावे आणि रॉकरवर तेल पाझरते का, ते पाहावे. रॉकर कोरडे आणि काटा वर, अशी स्थिती असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

परिणाम

थंड इंजिन वेगाने फिरवल्यास फिल्टरचे गॅस्केट फुटून क्षणार्धात चेंबर रिकामे होऊ शकते. सांध्यांतून तेल झिरपू लागते. ज्या इंजिनांत पंप आणि डिस्ट्रिब्युटर एकाच दंतचक्रावर चालतात, त्यांत हे चक्र लवकर झिजते आणि ठिणगीची वेळ ढळू लागते. अनेकदा मिस्त्रीकडे गाडी येते ती या तक्रारीसाठी, तेलासाठी नव्हे.