मृद्गंध नेमका कुणासाठी?

वळवाची पहिली सर तापलेल्या जमिनीवर पडली की जो वास सुटतो, त्याचं सगळं श्रेय आपण पावसाला देऊन टाकतो. पाऊस बिचारा केवळ हमाल. माल मातीतला असतो. जिओस्मिन हे त्या वासातलं मुख्य रसायन, आणि मातीत ते बनवण्यात आघाडीवर असतात स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू. थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळताना खाली हवा अडकते, तिचे बुडबुडे थेंबातून वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडतात. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं हा प्रकार टिपला. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत भलतंच तिखट. लिटरभर पाण्यात त्याचे काही अब्जांश ग्रॅम असले तरी ते ओळखतं. बीट मातकट लागतं म्हणून ताट सरकवणारी मुलंही खोटं बोलत नसतात, बिटात हेच रसायन असतं.

पण जिवाणूला या खटाटोपातून मिळतं काय?

याचं एक उत्तर कुंडीत सापडतं. ओला पाचोळा हलवला की एक-दोन मिलिमीटरचे पांढुरके जीव टुणकन उडतात. हे स्प्रिंगटेल. सहा पाय, पंख नाहीत. पोटाखाली दुमडून अडकवलेला दुबेळका अवयव सुटला की उंदीर पकडायच्या चापासारखा जमिनीवर आपटतो आणि स्वारी हवेत. जिओस्मिनच्या वासानं हे स्प्रिंगटेल जिवाणूकडे खेचले जातात, असं स्वीडन आणि ब्रिटनच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. स्प्रिंगटेल येतो तो जिवाणूला खायलाच. मात्र जाताना बीजाणू अंगाला चिकटवून नेतो. गिळलेल्यांतले काही विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात. स्ट्रेप्टोमायसिसला स्वतः हलता येत नाही. बुरशीसारखे तंतू पसरून तो एका जागी राहतो आणि अन्न संपत आलं की बीजाणू धरतो. जिओस्मिनची जनुकंही बीजाणू बनवण्याच्या यंत्रणेच्याच ताब्यात असतात. थोडक्यात, गाडी भरली की भोंगा वाजतो.

इतर जिवांना मात्र ही मेजवानी बाधू शकते, कारण हे जिवाणू विषारी रसायनंही बनवतात. स्प्रिंगटेलकडे ती पचवणारी विकरं असतात.

याच विषांनी माणसाला औषधं दिली. अमेरिकेतल्या रट्गर्समध्ये १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्यानं भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस वेगळा केला. त्यातून क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन निघालं. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या सेलमन वॅक्समन यांना, म्हणजे शॅट्झच्या मार्गदर्शकांना मिळालं; शॅट्झनं त्याआधीच श्रेयासाठी आणि मानधनातल्या वाट्यासाठी कोर्ट गाठलं होतं.

आपल्या पिंपरीचंही या वंशावळीत नाव आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन मिळवलं. ते जिवाणूंवर चालत नाही. चालतं ते कँडिडासारख्या बुरशीवर.